मलिद्यातलं मीठ

सुमनताईंना सायकल चालवता येत नव्हती. जर्मनीतल्या एर्लांगेनसारख्या गावात हे म्हणजे कोळीवाड्यात राहून मासे न खाण्यासारखं. तिथे प्राध्यापक सायकलवर, पोस्टमन सायकलवर, दिवस भरत आलेल्या बायकासुद्धा सायकलवर. सुमनताईंकडेही एक होती. हिरवी, पुढे वेताची टोपली लावलेली. रोज सकाळी त्या ती तळघरातून वर आणायच्या, टोपलीत पुस्तकं रचायच्या आणि हँडल धरून तिच्या शेजारून चालत विद्यापीठात जायच्या. संध्याकाळी तशाच परत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "इथे लोक कुत्र्याला फिरवून आणतात, मी हिला आणते."

मी त्यांच्या इमारतीत राहायला आले ती दोन हजार बारा-तेराच्या सुमारास. एक्स-रे मशीनखाली जे टेबल सरकतं ना, ते डिझाइन करण्याची नोकरी होती. मी अक्कलकोट तालुक्यातल्या गवंड्याची मुलगी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. तर खाली दारावरच्या बेलच्या पाटीत सगळी जर्मन आडनावं आणि मध्येच एक 'थळकर'. मी सोलापुरी शेंगाचटणीचा डबा घेऊन तळमजल्यावर गेले. दाराच्या चौकटीला एक लहानशी तिरपी डबी ठोकलेली होती. बेल समजून मी तीच दाबली. दोनदा दाबली. मग दार ठोठावलं.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, नऊवारीवर जाड स्वेटर घातलेल्या म्हातारीने.

"कोण गं तू? जर्मन तर दिसत नाहीस."

"वरच्या मजल्यावर आलेय, आजी. चटणी आणलीय."

"तुपातली नाही ना? आज मटण केलंय. दुधातुपाचं आज चालायचं नाही."

मला काही कळेना. तेवढ्यात आतून अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या, साठीकडे झुकलेल्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आई, तिला आत तरी येऊ द्या. आणि तू गं, ती बेल नव्हे. त्यात आमच्या शास्त्राचे शब्द लिहून ठेवलेले असतात. तू बहुतेक देवालाच दोनदा बोलावलंस."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपल्या कोकणात शेकडो वर्षांपासून ज्यू राहत आलेत. बेने इस्राएल म्हणतात त्यांना. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, घरात मराठी बोलायचे. बी.ई. झाले होते मी, पण हे आम्हाला कुठे शिकवलं नव्हतं. मटण आणि दूध एकत्र चालत नाही म्हणून त्यांच्या रश्शात नारळाचं दूध. असं मटण मी आयुष्यात दुसरीकडे खाल्लं नाही.

ठेंगण्या त्या राहेलआजी, सुमनताईंच्या सासूबाई. मुलगा सॉलोमन इंजिनियर म्हणून जर्मनीत आला, त्याने आईलाही आणलं, आणि मग तोच आधी गेला. सगळ्यांना वाटलं आजी आता इस्रायलला भाच्याकडे जातील. त्या गेल्या नाहीत. सुनेजवळ राहिल्या, आणि का राहिल्या ते कुणाला सांगितलं नाही. सुनेला तर नाहीच.

कारण सुमनताई जन्माने ज्यू नव्हत्या. पेणजवळ खाडीकाठच्या मिठागरावर त्यांचे वडील मजूर होते. पायाला मिठाने भेगा पडलेल्या, सही येत नसलेल्या माणसाने मुलीला अलिबागच्या कॉलेजात घातलं. तिथे सॉलोमन भेटले. लग्नाआधी सुमनताईंनी रीतसर धर्म घेतला, विधी केले, सगळं केलं. तरी लग्नाच्या बोलणीला राहेलआजी मिठागरावर गेल्या तेव्हा व्याह्यांच्या घरी पाण्याचा पेला त्यांनी तोंडाला लावला नाही. 'खाऱ्या घरची' हा शब्द त्यांनी तेव्हापासून धरला तो सोडला नाही. सुनेला नावाने त्यांनी कधी हाक मारली नाही. 'अगं ए', 'ऐकलंस का', आणि माझ्याशी बोलताना 'तुझी ती ताई'.

"सासूला उत्तर द्यायचं म्हणून हिब्रू शिकले," सुमनताई सांगायच्या. "मग अरामी, मग ग्रीक. उत्तर सापडायच्या आत भाषाच आवडल्या."

विद्यापीठात त्या जे शिकवायच्या ते मला समजायला वेळ लागला. मी विचारलं तेव्हा त्यांनी हातातलं फडकं वर धरलं. "हे बघ, शास्त्रातल्या गोष्टी फार थोडक्यात सांगितलेल्या असतात. मध्ये मध्ये भोकं. पुढचे लोक वाचतात आणि त्यांना त्या भोकांतून वारा लागतो. असं कसं झालं? ती बाई मग काय म्हणाली? मग ते बसतात आणि ठिगळ लावतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्यू लोकांनी अशी ठिगळं लावलीत की काही काही मूळ कापडापेक्षा देखणी आहेत. मी ठिगळांची बाई."

उदाहरण म्हणून त्यांनी ईयोबाच्या बायकोची गोष्ट सांगितली. ईयोब म्हणजे देवाने परीक्षा पाहिलेला माणूस. घरदार गेलं, मुलं गेली, अंगभर फोड घेऊन राखेत बसला. शास्त्रात त्याच्या बायकोच्या वाट्याला एकच वाक्य, तेही कडू. "पण पुढे कुणाला तरी वाटलं, या बाईचीही मुलं गेली होती ना? मग त्याने लिहिलं. नवरा राखेत बसलाय आणि ही लोकांकडे पाणी भरतेय. मोलाने. त्याला भाकरी नेऊन देतेय. एक दिवस भाकरीही मिळेना, तेव्हा तिने डोक्यावरचे केस विकले."

राहेलआजी शेजारी बसून वाल सोलत होत्या. "भर बाजारात?"

"हो, आई. बाजारात."

"मग डोक्यावरून पदर घेतला का तिने?"

"ते लिहिलेलं नाही."

"घेतलाच असणार. चांगल्या घरची होती." आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या. सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. "बघ. ठिगळ कसं लागतं ते पाहिलंस?"

ही त्यांची पद्धतच होती. व्याख्यान जर्मनमध्ये द्यायचं असलं तरी आधी ते घरी मराठीत सासूला ऐकवायचं. म्हणायच्या, प्राध्यापकांना फसवता येतं, आईंना नाही. आजी ऐकायच्या, मध्ये मध्ये शेरे मारायच्या. एका जुन्या लिखाणात म्हातारा अब्राहाम मरायलाच तयार होत नाही. न्यायला देवदूत आला तर त्यालाच म्हणतो, आधी मला सगळं जग दाखव. आजी खूश. "बरोबर केलं. मीपण म्हणणार, आधी अलिबाग दाखवा, मग बघू." तसा आजींचा आवाज खणखणीत. जर्मनीत दुपारी शांततेची वेळ असते, रूहेत्साइट. त्या वेळात भिंतीला खिळासुद्धा ठोकत नाहीत. आजी नेमक्या तेव्हाच खिडकीत उभ्या राहून कबुतरांना मराठीत रागावायच्या. मग सुमनताई घाईघाईने यायच्या, "अहो आई, हळू, हळू." त्या स्वतः रस्त्यावर कधी मोठ्याने बोलल्या नाहीत. इतकी वर्षं त्या देशात राहून आवाज खाली ठेवायची सवय हाडात मुरली होती.

एका संध्याकाळी त्यांचं व्याख्यान ऐकायला मी गेले. सगळ्यांसाठी खुलं होतं, पंधरा-वीस जण, बहुतेक पेन्शनर. विषय होता योसेफची बायको.

योसेफ हा भावांनी विकलेला मुलगा, इजिप्तमध्ये जाऊन मोठा प्रधान झाला. राजाने त्याला आसनथ नावाची बायको दिली, तिथल्या देवळातल्या पुजाऱ्याची मुलगी. शास्त्रात एवढंच. ओळ संपली, गोष्ट पुढे गेली. पण पुढच्या लोकांची झोप उडाली. आपल्या आजोबा-पणजोबांनी मुलांसाठी बायको कुळातलीच हवी म्हणून दूरदूर माणसं पाठवली, आणि आपला योसेफ मूर्तिपूजकाच्या मुलीशी लग्न करतो?

"मग त्यांनी दोन ठिगळं लावली," सुमनताई म्हणाल्या. "एकाने लिहिलं, आसनथ उंच बुरुजात राहणारी मानी मुलगी. योसेफला पाहिलं आणि सगळा ताठा उतरला. तिने घरातले देव खिडकीतून बाहेर फेकले, राखेत बसून राहिली, रडली. मग स्वर्गातून एक जण आला, त्याने तिला मधाचं पोळं खाऊ घातलं, आणि ती नवी झाली. दुसऱ्यांनी लिहिलं, छे, ती परकी नव्हतीच. ती योसेफच्या बहिणीचीच मुलगी. लहानपणी गळ्यात खुणेचा सोन्याचा पत्रा बांधून तिला घराबाहेर काढली, देवदूताने इजिप्तला पोचवली, पुजाऱ्याने वाढवली. म्हणजे मुळात घरचीच."

"म्हणजे मामाशी लग्न," मी न राहवून म्हणाले. "आमच्याकडे कर्नाटकच्या सीमेवर चालतं ते." सुमनताईंनी तेही जर्मनमध्ये सांगून टाकलं, आणि म्हातारे खो खो हसले.

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, तुम्हाला कोणती गोष्ट पटते? प्राध्यापक मंडळी अशा वेळी गोलगोल बोलतात. सुमनताई नाही बोलल्या.

"पहिली. त्या मुलीने काहीतरी केलंय. स्वतःच्या पायाने चालत आलीय. दुसरीत तिला आधीच घरची ठरवून टाकलंय. मग ती कोण होती, कुणाच्या घरात वाढली, सगळं पुसलं गेलं. दुसरी लिहिणाऱ्याला ती नकोच होती. त्याला भाची हवी होती."

त्या कुणाबद्दल बोलत होत्या ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. घरी मात्र राहेलआजींनी आधीच निकाल दिला होता. "ते पोळं-बिळं काही खरं वाटत नाही. बहिणीची मुलगी, हे बरं. हे पटतं."

आता मलिद्याचं सांगायला हवं. बेने इस्राएल लोकांत काही शुभ असलं, नवस फिटला, कुणी प्रवासाला निघालं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, खवलेला नारळ, वर फळं. एलियाहू नबीच्या नावाने ताट ठेवतात, प्रार्थना म्हणतात, मग वाटतात. एलियाहू म्हणजे शास्त्रात अग्नीच्या रथातून स्वर्गात गेलेला. कोकणातल्या ज्यूंनी त्याला परत खाली आणला. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं ते मानतात. "हेही ठिगळच," सुमनताई म्हणायच्या. "आपल्या लोकांनी लावलेलं. माझं सगळ्यात लाडकं." प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. एर्लांगेनमध्ये मराठी बोलणारे दहा ज्यू पुरुष कुठले आणायचे? राहेलआजींनी नबीशी परस्पर ठरवून टाकलं होतं. "त्यांना इथली परिस्थिती माहीत आहे," म्हणायच्या.

पण एक गोष्ट कधी बदलली नाही. मलिद्याच्या ताटाला सुमनताईंनी हात लावायचा नाही. सुनेच्या हातचा स्वयंपाक आजी रोज जेवायच्या, सुनेच्या हातून औषध घ्यायच्या, आंघोळही तिच्याकडूनच. शुक्रवारचा दिवा सून लावायची. मलिदा मात्र नाही. सुमनताईंनी नारळ खवून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. हात थरथरायला लागले तरी आजी स्वतः पोहे कालवायच्या.

एकदा मी विचारलं, "ताई, तुम्ही सरळ मागत का नाही?"

"मागितलेलं ताट काय करायचंय? मिठागरवाल्याची मुलगी म्हणून त्यांनी ते द्यायला हवं. नाही दिलं तर नाही."

मग आजींचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग मुलगा गेल्याचंही. रोज संध्याकाळी सॉलोमनची वाट बघायच्या. सुमनताई आधी खरं सांगायच्या, आणि आजी दर वेळी नव्याने रडायच्या. मग त्यांनी खरं सांगणं सोडलं. "ऑफिसात उशीर झालाय, आई." शास्त्राच्या बाबतीत अक्षर इकडचं तिकडे न होऊ देणारी बाई.

एका रविवारी इस्रायलहून आजींचा भाचा बेंजामिन आणि त्याची बायको भेटायला आले. म्हणून मलिदा ठरला. मलाही बोलावलं होतं. आजींना त्या दिवशी चांगली हुशारी होती. सुमनताई नारळ खवून नेहमीप्रमाणे बाजूला झाल्या, तर आजी खुर्चीतून म्हणाल्या, "मला आता कालवता येत नाही. आज ही करेल."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. घरातल्या प्रत्येकाला ती भानगड माहीत होती.

"असे बघताय काय? घरचीच आहे. माझ्या धाकट्या बहिणीची, मोझेलची मुलगी. चौलच्या जत्रेत हरवली होती लहानपणी. मिठागरावरच्या माणसांना सापडली. गळ्यात आमच्या घरातला ताईत होता, त्यावरून मीच ओळखली."

बेंजामिन म्हणाला, "अगं आत्या, मोझेलआत्याला तर मूलच..." त्याच्या बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

सुमनताईंचा चेहरा मी पाहिला. लग्न झाल्यापासून जे हवं होतं ते समोर होतं, आणि ते त्यांना मिळत नव्हतं, मोझेलच्या मुलीला मिळत होतं. ताट घ्यावं तर भेगाळल्या पायांचा बाप पुसला जाणार. नाही म्हणावं तर असा दिवस पुन्हा येणार नाही. आजींच्या डोक्याचा काही भरवसा नव्हता.

"आई," त्या हळू म्हणाल्या, "माझे वडील मिठागरावर होते. तुम्हाला माहीत आहे."

"मग मी काय वेगळं सांगतेय? त्यांनीच तर वाढवलं तुला. दुसऱ्याची पोर, आणि कॉलेजात घातली. स्वतःला सही येत नव्हती. असा माणूस असतो का कुठे?" आजी बेंजामिनकडे वळल्या. "त्यांच्या घरी मी गेले होते. पाणी दिलं त्यांनी. गोड पाणी."

सुमनताई स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, हसत होत्या की काय ते कळत नव्हतं.

"मीच वाचून दाखवलं होतं गं त्यांना. खुणेचा पत्रा, सगळं. आणि त्यांनी ते माझ्याच गळ्यात बांधलं."

"मग आता?"

त्यांनी हात धुतले. पोहे परातीत घेतले, गूळ घातला, नारळ घातला, बोटांनी हलके हलके कालवलं. मग फळीवरचा मिठाचा डबा काढला आणि चिमूटभर मीठ वरून सोडलं.

"ताई, मलिद्यात मीठ?"

"बाबांच्या नावाचं," त्या म्हणाल्या, आणि ताट उचललं.

प्रार्थना झाली. आजींनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबल्या.

"मीठ घातलंस?"

"घातलं, आई."

आजींनी आणखी एक घास घेतला. मग वाटी पुढे केली. "अजून वाढ."

त्यानंतरच्या हिवाळ्यात तेच योसेफच्या बायकोचं व्याख्यान त्यांनी पुन्हा दिलं, आणि तोच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारला. कोणती गोष्ट पटते? सुमनताईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, परत खोचली.

"पहिलीच. पण दुसरी लिहिणाऱ्याबद्दल मी चुकीचं बोलत आले. मला वाटायचं, त्याला ती मुलगी नको होती. तसं नसणार. नको असती तर लिहायचे कष्ट कशाला घेतले असते? त्याला ती फार हवी होती. नियम मात्र मोडवत नव्हता. मग त्याने गोष्टच बदलली." आणि मग म्हणाल्या, "लिहिणारा कुणी म्हातारा असणार. किंवा म्हातारी."

श्रोत्यांपैकी एक जण "जा, गेनाऊ," म्हणाला. म्हणजे अगदी बरोबर. त्याला काय कळलं असेल देव जाणे.

मला कार्ल्सरूहेला चांगली नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सकाळी सुमनताईंनी प्रवासाचा मलिदा केला. आता त्याच करायच्या. डबा मी बॅगेत टाकते म्हटलं तर ऐकेनात, सायकलच्या टोपलीत ठेवला आणि दुपारी मला बसस्टॉपपर्यंत सोडायला निघाल्या. रस्ता ओला होता. एका बाजूला माझी चाकांची बॅग, दुसऱ्या बाजूला त्यांची सायकल. आजींनी त्या दिवशी मला ओळखलं नव्हतं. मलिदाही खाल्ला नव्हता. तोंड फिरवून बसल्या होत्या.

आम्ही कोपऱ्याशी पोचलो आणि मागून खिडकी उघडल्याचा आवाज आला. दुपारची शांततेची वेळ होती. समोरच्या घरातला पडदा लगेच हलला.

"सुमन!"

सुमनताई थांबल्या. सायकल त्यांच्या कमरेवर कलली, डबा टोपलीत एका बाजूला घसरला, आणि त्यांनी तो सावरला नाही.

"अगं सुमन! मीठ घातलंस का त्यात?"

मला वाटलं, आता त्या वळून ओठांवर बोट ठेवतील. हळू, आई, हळू. त्या वळल्या. हिरवी सायकल एका हाताने धरून, भर रस्त्यात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"घातलंय, आई!"